मराठीच्या तासाचं देणं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला परदेशातले अनुभव सांगायला उभं केलंय. पण मी बोलणार आहे आपल्या मराठीच्या तासाबद्दल.

साताऱ्यातून दहावी करून मी पुढे सांगलीला वालचंद कॉलेजात इंजिनिअर झालो. नोकरीत फ्रान्सला जायची संधी आली. अट एकच, आधी फ्रेंच शिकायचं. शिकवणीत पहिल्याच आठवड्यात एक शब्द वाचायला मिळाला. अर्थ 'विकास', लिहायला १३ रोमन अक्षरं. मी तो इंग्रजीसारखा वाचला. वर्ग हसला. शिकवणारे म्हणाले, "मराठी माध्यम ना? जीभ वळायला वेळ लागेल."

रात्री खोलीवर तो शब्द घेऊन बसलो आणि बाईंची आठवण झाली. अभंगाची अक्षरं त्या बोटांवर मोजायला लावायच्या. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार. आपण बोलताना कर्-म-णूक् असे तीनच तुकडे म्हणतो. बाई म्हणायच्या, "अ गिळू नका! क-र-म-णू-क, पाच."

तो फ्रेंच शब्दही तसाच निघाला. पुरता फोडला तर दे-व-लो-प-माँ, पाच. बोलताना मधले पुसट स्वर गिळून देव्-लोप्-माँ, तीन. आणि गंमत म्हणजे फ्रेंच कवितेत दोन व्यंजनांमधला हा पुसट स्वर मोजतातच. त्यांची प्रसिद्ध १२ अक्षरांची ओळ अशीच मोजली जाते.

मग बाकीचं उलगडत गेलं. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल, तर ते पुढच्या स्वराला चिकटतं, आपल्या अक्षरासारखंच. दोन असतील तर 'शक्-ती'सारखी फोड. पण दुसरं र किंवा ल असेल, तर बहुधा जोडी फुटत नाही: ता-ब्लो, म्हणजे चित्र. 'संविधानाच्या विरुद्ध रीतीने' या अर्थाचा त्यांचा २५ रोमन अक्षरांचा शब्दही मग आठ घासांत संपतो: आँ-ती-कोंस्-ती-त्यू-स्यो-नेल्-माँ.

सगळंच सोपं गेलं असं नाही. ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची, असा त्यांचा एक स्वर आहे. त्याने मला कित्येक महिने रडवलं. घशातला 'र' आजही पुरता जमत नाही. पण लांब शब्दाची भीती त्या रात्रीच गेली. पुढे वर्गात वाचायला उठलो, तेव्हा कुणी हसलं नाही.

आपल्यातले बरेच जण मुलांना सांगतात, "आम्ही मराठी माध्यमातले, म्हणून मागे पडलो." मीही सांगायचो. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून कबूल करतो, ते खरं नव्हतं. परक्या भाषेचं दार मला तुमच्या बोटांवरच्या मोजणीनेच उघडून दिलं.

जाता जाता एक. फ्रेंचमध्ये 'मित्र' म्हणजे 'आमी'. अनेकवचनी त्याच्याआधी 'ले' येतो. त्यातला शेवटचा वर्ण एरवी मुकाच असतो. 'आमी' शेजारी आले की तो बोलू लागतो: ले-झा-मी. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो, तशातलाच प्रकार. आज सकाळपासून आपलं सगळ्यांचं तेच चाललंय.