पडद्यापलीकडची विद्यार्थिनी
२०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या संकेतस्थळावरून शिकण्याची मुभा दिली. थोडे वर्गात, थोडे पडद्यावर, अशी पद्धत रुळली. पण गटाने करायच्या प्रकल्पाचे काय?

माझ्या वर्गात चौघांचा एक गट होता. तिघे बाकावर, एक मुलगी गावाहून मोबाइलवर. तिघे आपसांत ठरवून मोकळे होत. ती नुसतीच ‘हजर’. मी तिला आळशी समजत होतो. एकदा बोलण्याची पहिली पाळी तिलाच दिली. हिशेबातली चूक तिने केव्हाच हेरली होती. तिला कुणी विचारलेच नव्हते!

तेव्हापासून माझ्या तासाला दूरचा विद्यार्थी आधी बोलतो. हजेरी यंत्र घेईल; सहभाग मात्र शिक्षकानेच मागावा लागतो.