खाडीचा चिखल
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें चिखलावर बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आपली पनवेल खाडीकांठची. त्या खाडीस वगळून आपल्या वस्तीची कथा पुरी व्हावयाची नाहीं.

ओहोटी लागली म्हणजे तिवरांच्या भोंवतीं पेन्सिलीसारखीं सरळ उभीं मुळें दिसूं लागतात. चिखलांत हवा नाहीं, म्हणून हें झाड श्वासासाठीं मुळें वर काढतें. हा हवेचा अभावच आमच्या विषयाचें मर्म होय. झाड हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यांतील कर्ब पानांत, खोडांत व मुळांत सांठवितें. डोंगरावरील रानांत गळलेलें पान लवकर कुजतें आणि त्यांतील बराचसा कर्ब पुन्हां हवेंत जातो. खाडींत प्राणवायूवांचून कुजण्याचें काम अतिशय मंद चालतें; शिवाय भरती गाळ आणून पसरते व पानें, मुळें त्याखालीं पुरलीं जातात. असे थर शेंकडों वर्षें चढतात. म्हणून कांदळवनांतील बहुतेक कर्ब झाडांत नसून चिखलांत असतो. २००९ पासून ह्या सांठ्यास 'नील कर्ब' हें नांव रूढ झालें आहे. चिखलाची ती कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधि, जिच्यामुळें आम्हीही नाकास रुमाल लावून पुलावरून जात असूं, ती तेथें प्राणवायु नसल्याचीच खूण.

आपल्या आगरी व कोळी बांधवांनीं ह्या चिखलास घाण मानलें नाहीं. चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी ह्यांवर त्यांचीं घरें चाललीं. बांध घालून त्यांनीं खाजणांत भात पिकविलें, मीठ काढलें. खरें सांगावयाचें तर त्या बांधांपायींही तिवरें हटलींच. परंतु तो वेग मनुष्याच्या हातांचा होता.

पुढें यंत्रें आलीं. नोव्हेंबर २०१० मध्यें विमानतळास पर्यावरणाची मंजुरी मिळाली. टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, तिवरांवर भराव पडला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालें. आपल्यांतील कांहींच्या मुलांस तेथें चाकरी लागली, ह्याचा आम्हांस आनंद आहे. मात्र तोडलेल्याच्या बदल्यांत अन्यत्र रोपें लावलीं म्हणजे हिशेब मिटला, हें आम्हांस पटत नाहीं. रोप कांहीं वर्षांत वाढेल. शतकांचा चिखल कोण आणील? आणि चिखल उपसला वा वाळला कीं त्यांत हवा शिरते व पुरलेला कर्ब सुटूं लागतो.

मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला. त्यापूर्वीं, २०१५ सालीं, पोप फ्रान्सिस ह्यांनीं 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकांत कांदळवनें नाहींशीं होत असल्याची चिंता व्यक्त केली होती. तें परिपत्रक आम्हीच येथें वाचून दाखविलें, आणि पुढल्याच वर्षीं आवाराची जुनी भिंत पाडली तेव्हां तिचा राबिट खाडीकांठीं टाकण्यास आम्हीच संमति दिली. चार पैसे वांचले. त्या जागीं आजही एक तिवर उगवलेलें नाहीं.

यंदा जुनें सभागृह पाडावयाचें आहे. त्याचा राबिट महानगरपालिकेनें नेमलेल्या जागींच जाईल. वर्षअखेरच्या हिशेबांत गाड्यांचें भाडें अधिक दिसेल. त्याचा जाब समितीस न विचारतां आम्हांस विचारावा.