उसने आकाश



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्या सरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. खासगी बाजारातील वाड्यात जिन्याखालची अंधारी खोली, तांबडा दिवा आणि हायपोचा वास, एवढाच त्यांच्या छायाचित्रणाचा संसार. तरीही शिडाच्या होडीचे चित्र कसे घ्यावे, हे मला कळले ते तेथेच.

१९६६ च्या मे महिन्यात मी मामांकडे हर्णैला गेलो होतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि ठिगळे लावलेली शिडे उभारून परतणाऱ्या होड्या. मामांच्या डबा-कॅमेऱ्यातील बाराही चित्रे मी त्यांवरच खर्ची घातली. ग्वाल्हेरला येऊन छापून पाहतो तो आकाश कोरे, आणि सकाळच्या उन्हातले पांढरे शीड त्यात विरघळलेले! सर म्हणाले, "अरे, फिल्म निळ्या रंगाला फार भुलते. भिंगापुढे पिवळी काच धरली असतीस तर आकाश करडे होऊन शीड उठून दिसले असते."

मग त्यांनी गुस्ताव्ह ले ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराची हकीकत सांगितली. १८५० नंतरच्या दशकात त्याच्यापुढेही हीच अडचण होती. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक पडे. म्हणून काही चित्रांत त्याने समुद्राची एक व आकाशाची एक, अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडल्या. सरांनी लगेच आपल्या किल्ल्यावरील आषाढी ढगांची निगेटिव्ह काढली आणि गंमत म्हणून माझ्या होडीवर ग्वाल्हेरचे आकाश चढवले. एका प्रतीमागे पेन्सिलीने लिहिले 'हर्णै'. दुसरीमागे, 'हर्णै व ग्वाल्हेर'.

ही दुसरी प्रत मी पुठ्ठ्यावर चिकटवून एका प्रदर्शनात स्वतःची म्हणून दिली, आणि पहिले बक्षीस घेतले. परीक्षक कोकणातले असते तर हसले असते. आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत शीड कोण उभारतो? सर चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. एवढेच म्हणाले, "शिडावर ऊन उजवीकडून आहे, ढगांवर डावीकडून." पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. आज प्रथमच काढतो आहे.

हर्णैच्या होड्या आता यंत्रावर चालतात. कोऱ्या आकाशाची ती प्रत मी बरोबर आणली आहे. ती शाळेच्या स्वाधीन करतो. दुरून शीड दिसणार नाही. जवळ जाऊन पाहावे, ठिगळे मोजता येतात.