गुडघ्याची गादी आणि एमआरआयचा अहवाल



एमआरआयच्या अहवालात ‘गादी फाटली आहे’ असे वाचले की घरात काळजीचे वातावरण पसरते आणि लगेच शस्त्रक्रियेची चौकशी सुरू होते. परंतु फाटलेली गादी हेच दुखण्याचे कारण आहे, असे तो अहवाल सांगत नसतो.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात. वैद्यकशास्त्रात त्यांना मेनिस्कस म्हणतात. शरीराचा भार सांध्यावर पसरवणे हे त्यांचे मुख्य कार्य. आतील बाजूची गादी शेजारच्या अस्थिबंधाला जखडलेली असल्याने कमी सरकते, म्हणूनच ती अधिक वेळा फाटते.

साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, गाद्या दिसत नाहीत. एमआरआयमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने त्या दिसू लागतात. या तंत्राच्या पायाभूत संशोधनाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी गादी या चित्रात काळ्या त्रिकोणासारखी दिसते. तिच्या पोटातच राहिलेली पांढरट रेघ ही बहुधा झीज असते. तीच रेघ पृष्ठभागापर्यंत पोहोचली आणि एकाहून अधिक छेदांत दिसली, तर गादी फाटल्याचे निदान बळकट होते.

आता वयाचा प्रश्न. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ व्यक्तींचे गुडघे एमआरआयने तपासले गेले. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची गादी फाटलेली आढळली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता! केस पिकावेत तशी गादीही झिजते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात झिजून फाटलेल्या गादीचे १४६ रुग्ण होते. काहींची गादी दुर्बिणीतून कापली, उरलेल्यांवर केवळ शस्त्रक्रियेचा देखावा केला. वर्षानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

म्हणून साठीच्या गुडघ्याला आधी डॉक्टरांचा हात लागावा, उभे राहून काढलेला एक्स-रे व्हावा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम काही आठवडे नेमाने करून पाहावेत. एमआरआय त्यानंतर, आणि तोही गरज वाटल्यास.

तरुणाची गोष्ट निराळी. खेळताना गुडघा पिरगळला, सुजला, अडकून बसला, सरळच होईना, तर विलंब करू नये. कारण गादीच्या केवळ बाहेरच्या कडेला चांगला रक्तपुरवठा असतो आणि तेथील फाट वेळेवर टाके घालून सांधता येऊ शकते. असा गुडघा कोणत्याही वयात अडकला, तरी तातडी तीच.

तपासणीत यंत्राचा खडखडाट बराच होतो आणि पाय निश्चल ठेवावा लागतो. शरीरात पेसमेकर, मेंदूतील क्लिप अथवा धातूचा कण असल्यास ते केंद्रावर आधीच सांगावे.