ज्येष्ठांचा सल्लागार : शिक्का, शिक्षण आणि सचोटी

(करकंब येथे सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात झालेले भाषण)



कापड दुकानातील साधी मीटरपट्टी घ्या. तिच्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असावा लागतो आणि ठरावीक मुदतीने ती पुन्हा तपासून घ्यावी लागते. चार बोटे कापड कमी भरले, तर ग्राहक जाब विचारतो व त्याचे ते योग्यच असते. परंतु तोच ग्राहक वयाच्या सत्तरीत आयुष्यभराची पुंजी ज्याच्या शब्दावर गुंतवतो, त्या सल्लागाराचा शिक्का मात्र पाहत नाही. आजचा विषय तोच आहे.

करकंबसारख्या गावात मुले नोकरी-व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईस गेलेली असतात. घरी वृद्ध जोडपे, कधी एकटी आई. ऊसबिल, जमिनीचा मोबदला किंवा दुकान विकून आलेली रक्कम बँकेत जमा होते आणि सल्ला देणारे दारी येऊ लागतात. समजा, अशाच एका विधवा भगिनीने ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून दोन लाख रुपये ‘ठेव’ म्हणून गुंतवले. पुढील वर्षी पुन्हा दोन लाखांचा हप्ता भरण्याची सूचना आली, तेव्हा उमगले की ती ठेव नव्हती, दहा वर्षे हप्ते भरावयाची विमा पॉलिसी होती! कागदावर सही तिचीच. उत्पन्न नाही, पुन्हा कमावण्याचे वय नाही. तरुणाची चूक काळ भरून काढतो, वृद्धाची चूक भरून निघण्यास काळच उरलेला नसतो.

म्हणूनच सल्ला देणाऱ्याचे शिक्षण व परीक्षा यांना महत्त्व आहे. आपल्या देशात यासाठी व्यवस्था आहे. ‘सेबी’ने २००६ साली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था, म्हणजेच एनआयएसएम, स्थापन केली. तिचा परिसर आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. २०१३ च्या नियमांनुसार फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने सेबीकडे नोंदणी केली पाहिजे. त्यासाठी पदवी लागते आणि एनआयएसएमच्या दोन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. उत्तीर्णतेस ६० टक्के गुण हवेत. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. त्यानंतर ज्ञान पुन्हा तपासले जाते, मीटरपट्टीसारखेच. म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाची परीक्षा वेगळी, विमा एजंटाची वेगळी. मात्र यातील एकही परीक्षा खास वृद्धांच्या अडचणींसाठी घेतली जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. नोंदणीकृत सल्लागार आपली फी ग्राहकाकडून घेतो. त्याच ग्राहकाला योजना विकून दलाली घेण्यास त्याला मनाई आहे. वितरकाला मोबदला मिळतो तो फंड कंपनीकडून. वितरकाचा धंदाही प्रामाणिकच आहे. पण तो विक्रेता आहे. म्हणूनच सेबीने २०२० मध्ये नियम करून नोंदणी नसलेल्या वितरकास ‘सल्लागार’ ही बिरुदावली लावण्यास मनाई केली.

बिरुदावलीने वृद्ध कसे फसतात, याचा अनुभव अमेरिकेनेही घेतला आहे. तेथे ज्येष्ठांना फुकट जेवण देऊन गुंतवणुकीच्या सभा भरविल्या जात. नियामकांनी ११० संस्था व शाखांची तपासणी करून २००७ साली अहवाल दिला. ‘प्रबोधन’ म्हणविणाऱ्या या सभा प्रत्यक्षात विक्रीच्या होत्या आणि निम्म्या ठिकाणी अतिशयोक्त किंवा दिशाभूल करणारे दावे आढळले. अल्पशा अभ्यासक्रमावर ‘ज्येष्ठतज्ज्ञ’ म्हणवून घेण्यास आळा घालण्यासाठी २००८ मध्ये तेथील राज्यांच्या नियामकांच्या संघटनेने आदर्श नियमावली तयार केली. जेवण फुकट होते, सल्ला महाग पडला.

तथापि खरे प्रमाणपत्रही ज्ञानाची ग्वाही देते, नियतीची नव्हे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहा. २००४ साली सुरू झालेल्या या सरकारी योजनेत ६० वर्षांवरील व्यक्तीस दर तिमाहीस व्याज मिळते. १ एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख रुपये झाली. परंतु डिसेंबर २०११ पासून या योजनेवर एजंटास दलाली मिळत नाही. मग तिचे नाव घेऊन दारी कोण येणार? जे सांगितले जाते त्याइतकेच, जे सांगितले जात नाही तेही तपासावे.

हीच सावधगिरी घरादाराच्या कागदांबाबतही हवी. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करताना सांभाळाची अट लेखी घालावी, हे जाणकाराने सांगितलेच पाहिजे. ती अट मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ अन्वये न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट नसेल, तर वृद्धाचा दावा दुबळा होतो.

तेव्हा सल्लागारास तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. आपला नोंदणी क्रमांक काय? आपणास पैसे कोण देतो? हे सारे लिहून द्याल काय? क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर घरातील नातवंडे दोन मिनिटांत पडताळून देतील. विमा पॉलिसी पटली नाही, तर ती हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. अन्य अडचणीत ज्येष्ठांसाठी १४५६७ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

संस्थेसाठीही एक विनंती. गावातील दोन-तीन पदवीधर तरुण-तरुणींना एनआयएसएमच्या परीक्षांसाठी साहाय्य द्यावे आणि महिन्यातून एक दिवस त्यांनी ज्येष्ठांचे कागद नुसते वाचून समजावून द्यावेत. काही विकू नये. वडिलांची सेवा म्हणजे केवळ पाय चेपणे नव्हे. सही करण्यापूर्वी त्यांच्या शेजारी बसून कागद वाचून दाखविणे, हीसुद्धा सेवाच आहे.