कच्चा कैदी, पक्का कैदी
(महिला कारागृह शिपायांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



या वर्गात तुमच्या वहीत पुष्कळ शब्द उतरतील. त्यांतल्या चारच शब्दांबद्दल मला बोलायचं आहे. बराकीतल्या बाईला ते सहसा कुणी समजावून सांगत नाही.

पहिला शब्द न्यायाधीन बंदी, म्हणजे आपला 'कच्चा कैदी'. हिचा खटला अजून चालू आहे. गुन्हा शाबीत झाला तरच ती सिद्धदोष, 'पक्की' कैदी. तोवर तिला सक्तीने कामाला लावता येत नाही. "आत आली म्हणजे केलंच असेल काहीतरी," हे वाक्य तुमच्या तोंडी येऊ देऊ नका.

दुसरा, जामीन. मला भेटलेल्या एका बाईचा जामीन मंजूर होऊन तीन महिने झाले होते, तरी ती आतच. जामीनदार उभा करावा लागतो हे तिला ठाऊकच नव्हतं. "तुझा जामीन झाला," एवढंच कुणीतरी सांगितलेलं. ती रोज सकाळी गाठोडं बांधून बसायची. शेवटी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने अट बदलून मागितली आणि ती जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सुटली.

तिसरा, कलम ४७९. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत गेला की जामिनावर सुटकेची तरतूद तिच्यात आहे. पूर्वी कधी शिक्षा झाली नसेल तर एक तृतीयांशच. कोर्टाला लेखी कळवणं हे तुरुंग अधीक्षकांचं काम आहे. पण दिवस मोजायला तिला मदत तुम्ही करू शकता.

चौथा शब्द, मूल. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. ते कैदी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बजावलं. तुरुंगात जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही.

पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्रियांशी बोलल्या आणि त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यातून १९८३ साली कैद्यांच्या कायदेशीर मदतीचे आदेश निघाले. त्यांना काही भेटीच मिळाल्या होत्या. तुम्ही तर रोज तिथेच असणार. विचारा तिला, "तुझं कुठवर आलंय, ठाऊक आहे का?"