धुके, धूर आणि प्रकाशाचा हिशेब



पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून मोटार हाकणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. धुके दाटले असता दिवे लांबवर टाकले की समोर पांढरी भिंत उभी राहते. तेच दिवे खाली वळवले तर चार हात वाट दिसते. प्रकाश वाढावा आणि दिसणे कमी व्हावे, हे कसे?

धुक्यातला थेंब मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. यालाच प्रकीर्णन म्हणतात. एका गोल थेंबाकडून कोणत्या दिशेला किती प्रकाश जाईल, याचे गणित १९०८ साली गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले. ('मी' हे त्यांचे आडनाव, मी नव्हे!) पण घाटात थेंब एक नसतो. लिटरभर धुक्यात ते हजारोंनी असतात, आणि एकाने विखुरलेला प्रकाश दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर पडतो. मग संगणकावर प्रकाशाचा एकेक कण सोडायचा, आणि प्रत्येक थेंबाशी त्याची पुढची दिशा, 'मी' यांच्या नियमाला धरून, फासे टाकून ठरवायची. असे लाखो प्रवास मोजले म्हणजे किती प्रकाश उलटून चालकाच्या डोळ्यांत येतो, ते समजते.

हे साधते, कारण थेंब लहान असले तरी एकमेकांपासून दूर असतात. चार भाऊ वेगळे राहत असले तर चार घरांचे खर्च मांडून बेरीज करता येते. एका चुलीवर जेवत असले तर तसे चालत नाही. एकाचा खर्च दुसऱ्यात मिसळलेला असतो.

चुलीवरूनच धुराकडे वळू. सायंकाळी काळ्या डोंगरापुढे धूर निळसर दिसतो, उजळ आकाशापुढे तोच पिवळट. बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून आरपार येणाऱ्यात पिवळा-तांबडा उरतो. त्या धुरातली काजळी मात्र एकत्र कुटुंबासारखी असते. मिलिमीटरचे वीस-तीस हजार भाग करावेत, त्यातल्या एकाएवढ्या कण्या एकमेकींना चिकटून साखळ्या बनतात. येथे निव्वळ बेरीज फसते. पर्सेल आणि पेनिपॅकर यांनी १९७३ साली, ताऱ्यांमधल्या धुळीचा विचार करताना, एक युक्ती सुचवली: कणाचे अनेक बिंदू कल्पावेत, आणि प्रत्येक बिंदूवर बाहेरून येणाऱ्या प्रकाशाबरोबर इतर सर्व बिंदूंचा प्रभावही धरावा. हजार बिंदूंचे परस्परसंबंध सुमारे दहा लाख होतात. बिंदू दुप्पट केले की संबंध चौपट. हाताने हे होणे नाही. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतही अशाच रीतीने ताऱ्यांमधल्या धुळीचा अभ्यास झाला आहे.

आपल्याला याचे काय? काजळी ऊन शोषते आणि हवा तापवते. तिच्या साखळीऐवजी एक भरीव गोळा धरला, तर त्या तापण्याचा अंदाजच चुकतो. मात्र गणित देखणे असले म्हणून ते खरे ठरत नाही. आपल्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरी, २०१२ पासून उष्णदेशीय हवामान संस्थेची प्रयोगशाळा ढगांतले थेंब प्रत्यक्ष मोजते. कागदावरचा थेंब आणि डोंगरावरचा थेंब जुळले, तरच हिशेब मान्य.

कण दूर आहेत की चिकटलेले, हे आधी पाहावे आणि मग बेरजेला बसावे, एवढेच आज सांगायचे होते. परतताना धुके असेल. दिवे खालीच ठेवा.